साखर कोण खातंय

गुरुग्रामच्या एका हॉस्पिटलात माझ्या नवऱ्याचे पेट स्कॅन वाचणारे डॉक्टर मूळचे नागपूरचे. बोलण्याआधी चष्मा काढून डोळे चोळायचे आणि प्रत्येक वाक्य ‘बिल्कुल’ने सुरू करून ‘पण’वर आणायचे. त्या ‘पण’ची मला धास्ती असायची.

लिम्फोमावरचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवरचं नवं इंजेक्शन सुरू झालं आणि पुढच्या स्कॅनमध्ये काखेतली गाठ आधीपेक्षा जास्त चमकली. बाकीचे सगळे डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं नाही, बंद करू.

“कॅन्सर वाढलाय का?” मी या डॉक्टरांना विचारलं.

“बिल्कुल शक्य आहे, वहिनी. पण स्कॅनआधी आपण शिरेतून दिलेली चमकणारी साखर कॅन्सर खातो, तशा त्याच्याशी लढणाऱ्या पेशीही खातात. दोन्ही सारखंच चमकतं. नुसत्या स्कॅनवरून मला सांगता येणार नाही.”

रिपोर्टातही त्यांनी तसंच लिहिलं आणि गाठीचा तुकडा तपासायला लावला. त्यात बहुतांश लढणाऱ्याच पेशी निघाल्या. औषध लागू पडतंय हे सांगायला ते स्वतः वॉर्डात आले.

नवरा थकून म्हणाला, “म्हणजे अजून इंजेक्शनं?”

“हो,” डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर त्याच्या पायाशी बराच वेळ बसून राहिले.