आमच्याकडचा इफ्तार

हसायचं नसेल तर सांगतो. बरं, हसा, तसंही तुम्ही थांबणार नाही. पण एक लक्षात घ्या, माझा हेतू चांगला होता. माझा हेतू नेहमीच चांगला असतो, आणि तिथेच तर सगळा घोळ होतो.

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर दोन नवी बिऱ्हाडं आली. शेजारी चौगुले. बँकेतले, दापोलीचे, बदली होऊन आलेले. बायको तिकडे शाळेत शिकवते म्हणून इथे एकटेच. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. आणि समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं. दारावर आडनावच नाही! नुसतं 'समीर अँड सारा'. नवऱ्याला ही एवढी दाढी. शुक्रवारी कुर्ता.

मी लगेच ओळखलं. आपली नजरच तशी! समोरचे मुसलमान, शेजारचे आपले.

आमच्या सुलभाला म्हटलं, "रमजान आलाय. समोरच्यांना इफ्तारला बोलवू. मजल्यावर एकोपा पाहिजे."

ती म्हणाली, "बोलवा. पण त्यांका आधी नीट इचारा तरी."

विचारायचं काय त्यात? लिफ्टपाशी समीर भेटला. कानात बोंडं घालून उभा होता. मी माझं ठेवणीतलं उर्दू काढलं. "जनाब, इस इतवार को आप और बेगम हमारे गरीबखाने पे इफ्तार फर्माना!"

त्याने एक बोंड काढलं. "रविवारी ना? हो काका, येतो की. काही आणू का?"

काय स्वच्छ मराठी हो! मी घरी येऊन सुलभाला कौतुकाने सांगितलं, "पोरगा मराठी किती छान शिकलाय!"

आता यजमान म्हटल्यावर तयारी हवी. माझी तयारी मोबाईलवर होतीच. आमच्या ग्रुपवर इस्लामवर रोज इतकं ज्ञान येतं की, मक्केतल्या माणसालासुद्धा नवीन वाटेल. तरी सल्लामसलतीला कोणीतरी असावं म्हणून मी चौगुल्यांना धरलं. संध्याकाळी बँकेतून आले की आम्ही खालच्या बागेत फेऱ्या मारायचो. मी चहा मागवायचो, ते नको म्हणायचे.

"पोट बरं नाही का?"

"नाही, म्हणजे... सध्या दिवसभर काही घेत नाही."

"उत्तम! लंघन करावं माणसाने. बघा कसं हलकं वाटतं."

"हो, तेच करतोय," चौगुले म्हणाले.

मग मी विषय काढला. "चौगुले, आमचं देवघर हॉलमध्येच आहे. पडदा लावू का? त्यांचा देव वेगळा ना, अल्ला."

"अल्ला म्हणजे अरबीत देवच हो. तिकडचे ख्रिश्चनसुद्धा देवाला अल्लाच म्हणतात."

"छे! तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय. ते लोक पैगंबरांची पूजा करतात."

"पूजा फक्त देवाची करतात, परब. पैगंबर म्हणजे देवाचा निरोप आणणारा. त्यांना खूप मानतात, पण पूजा नाही."

"चौगुले, मी वाचलंय."

"कुठे?"

"मोबाईलवर."

त्यांनी हात जोडले. माझ्या अभ्यासापुढे भलेभले हात जोडतात.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "खुर्च्या किती मांडू? सारा एक झाली. पण यांच्यात चार असतात."

"एकच येईल," चौगुले आकाशाकडे बघत म्हणाले. "बहुतेकांना एकच असते. आणि तिलाच घाबरून असतात."

"आणि ते रोज्यात थुंकीसुद्धा गिळत नाहीत, खरं ना?"

"थुंकी गिळून रोजा मोडत नाही हो. आजारी माणसाला, प्रवाशाला तर रोज्याची सूटही असते."

"तुम्हाला बरंच माहीत आहे की!"

"दापोलीला आसपास आहेत बरेच," ते म्हणाले.

"मग सांभाळून राहत चला," मी आवाज खाली आणून म्हणालो. "तुम्ही भोळे आहात."

चौगुल्यांना ठसका लागला. मी पाठीवर थोपटलं. पाणी पुढे केलं, तर तेही घेतलं नाही. मी मनात म्हटलं, लंघन म्हणजे लंघन. काय निग्रह!

रविवार उजाडला. खजूर, कलिंगड, कांदाभजी, सरबत, सगळं चौगुल्यांच्या सल्ल्याने. त्यांनाही बोलावलं होतं, 'आपल्या बाजूने' कोणीतरी असावं म्हणून. मी डोक्याला रुमाल बांधला. सुलभा म्हणाली, "डोक्याक लागलाहा की काय?" मी दुर्लक्ष केलं.

सूर्यास्ताच्या जरा आधी समीर आणि सारा आले. मी कपाळाला हात लावून कंबरेत वाकलो. समीरला वाटलं माझं काहीतरी पडलंय, तोही वाकून शोधायला लागला.

सगळे बसले. समीरने भज्यांकडे हात नेला. मी तो हवेतच पकडला.

"थांबा, थांबा! अजून वेळ आहे!"

पाच मिनिटांनी त्याने पुन्हा हात नेला. मी पुन्हा पकडला. बिचारा सारखा भज्यांकडे बघतोय, आणि माझं मन भरून येतंय. काय ही श्रद्धा!

शेवटी तो म्हणाला, "काका, थंड होतायत."

"रोजा!" मी गंभीरपणे आठवण करून दिली.

त्याने साराकडे बघितलं. साराने त्याच्याकडे. "रोजा कोण? त्या यायच्या आहेत म्हणून थांबलोय का?"

"अहो, तुमचा रोजा! तुमचा उपवास!"

"माझा? काका, मी दुपारी चार बांगडे खाल्लेत."

"रमजानात?"

"रविवारी," समीर म्हणाला. "तांडेल मी. वरळी कोळीवाड्याचा. ही सारिका. सारा आपलं घरचं नाव."

"मग ती दाढी?"

"हनुवटी बारीक आहे त्याची," सारिका म्हणाली. "झाकलेली बरी दिसते."

मी सोफ्यावर बसलो. माझा इफ्तार होता आणि उपवासाला माणूसच नव्हता! तेवढ्यात कोणाच्यातरी खिशात मोबाईल वाजला. अजान! सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. चौगुल्यांनी शांतपणे खिशात हात घालून फोन बंद केला, ताटलीतला एक खजूर उचलला, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि तोंडात टाकला. मग ग्लासभर पाणी प्यायले. घटाघटा.

"चौगुले... तुम्ही?"

"इरफान चौगुले," ते म्हणाले. "नाव सांगायला तुम्ही कधी फुरसतच दिली नाहीत."

अहो, त्या क्षणी बागेतल्या सगळ्या फेऱ्या माझ्या डोळ्यांसमोरून उलट्या फिरल्या. चार खुर्च्या! ते 'सांभाळून राहत चला'! अख्खा दिवस उपाशी माणसाच्या नाकाखाली मी रोज चहा धरत होतो!

मी सुलभाकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"माका पयल्या दिवसापासून म्हायत होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी गप रवल्यात तर सांगतलंय ना!"

मी डोक्याचा रुमाल सोडला. "चौगुले, रागावलात?"

त्यांनी दुसरा खजूर घेतला. "पहिल्या दिवशी लागलं मनाला. खोटं का बोलू? सांगणारही होतो. पण तुम्ही मला माझाच धर्म इतक्या ठामपणे समजावत होतात की, दोन मिनिटं मलाच शंका आली." समीर खो खो हसायला लागला. चौगुलेही हसले. "मग म्हटलं, माणूस बडबडतोय काहीही, पण धडपड कशासाठी? शेजाऱ्याला जेवू घालायला. आणि खरं सांगू, परब, बायको दापोलीला. रोज एकट्यानेच रोजा सोडतोय. आज बरं वाटलं."

मग ते म्हणाले, "पाच मिनिटं नमाज पढू का आत?"

का म्हणून नाही! मी भरपाई करायला टपलोच होतो. आतल्या खोलीत धुतलेली चादर अंथरली, पंखा लावला आणि त्यांना त्रास नको म्हणून उजव्या हाताला भिंतीशी अगदी अदबीने उभा राहिलो. नमाज झाली. बसल्या जागी चौगुल्यांनी मान उजवीकडे वळवली, थेट माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "अस्सलामु अलैकुम."

मी दणदणीत उत्तर दिलं, "वालेकुम अस्सलाम, चौगुले!"

मग त्यांनी मान डावीकडे वळवली. तिकडे कोणीच नव्हतं! म्हटलं, बिचाऱ्याच्या सलामाला उत्तर नको? मी चादर ओलांडून धावत डाव्या बाजूला गेलो आणि पुन्हा ओरडलो, "वालेकुम अस्सलाम!"

चौगुले चादरीवरच आडवे झाले. हसून हसून डोळ्यांतून पाणी.

"परब," ते कसेबसे म्हणाले, "नमाजाच्या शेवटी करायचाच असतो तो सलाम. दोन्ही बाजूंना फरिश्ते असतात, त्यांना."

म्हणजे बघा, उभ्या जन्मात मला पहिल्यांदा कोणीतरी देवदूत समजलं. आणि ते कोणीतरी म्हणजे मीच.