व्हीआरची विहीर

मले काही सांगायचं नव्हतं. चौथीत मास्तरनं छडी मारली, तवापासून पाटी-पेन्सिलीशी माझं बोलणं बंद आहे. पण पानठेल्यावर माझे किस्से दुसरेच लोक सांगून राह्यले, अन् तेही उलटेपालटे. परवा तं एकानं मलेच माझा किस्सा ऐकवला अन् वरून विचारलं, "कवडूभाऊ, खरं आहे का हे?" मंग वाचनालयवाला मागं लागला, लिहून द्या म्हणून. घ्या, देल्लं लिहून.

जन्मभर गावची कोतवाली केली. किस्से तळ्यातल्या गाळासारखे साचतात. कोणी काढत नाई तोवर कोणाले त्रास नाई. खालचे सगळे किस्से मुंबईच्या मॅडमच्या मशीनचे आहेत.

*

मॅडमचा फोन मलेच आला. कोतवाली सुटली तरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून माझाच नंबर आहे. पुसायले कोणाले वेळ नाई. मॅडम म्हणे, "काका, ज्यांचं रेशन बंद झालंय, अशा लोकांचं आम्ही व्हीआर करतोय. उद्या सगळ्यांना बोलवाल का?"

आमच्याइथी चिंचेखाली उभं राह्यलं तंच रेंज येते, तीही अर्धी. मी ऐकलं, विहीर करतोय.

डफडं काढलं अन् गावभर दवंडी देल्ली. "ऐका हो! ज्याचं रेशन बंद झालं त्याले विहीर भेटून राह्यली! सातबारा अन् आधार घेऊन शाळेजवळ या हो!"

सकाळी अर्धा गाव लायनीत. ज्याचं रेशन चालू होतं तेही. मॅडम गाडीतून उतरली, हातात चष्म्यासारखं काळं डबडं. म्हणे, हेच व्हीआर. एका म्हाताऱ्यानं डबड्यात वाकून पाह्यलं अन् विचारलं, पाणी किती फुटावर लागलं?

लायनीत सगळ्यात मागं भागरताबाई होती. माझ्या शेजारची. ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची बाई, नवरा जाऊन जमाना झाला, घरात एकटी. तिचा रेशनचा तांदूळ पोळ्यापासून बंद. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणते कशी, "तांदूळ बंद करून विहीर देऊन राह्यले. म्हणजे उडी मारायची सोय केली म्हणा."

मॅडम म्हणे, "आपण यांच्यापासूनच सुरुवात करू."

*

आता तिचा तांदूळ बंद कसा झाला ते सांगतो. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावा लागते. बाईचा जन्म गेला जाळं ओढण्यात अन् तळ्यातले शिंगाडे तोडण्यात. बोटं घासून घासून गोट्यासारखी गुळगुळीत. दुकानदारानं दहाही बोटं लावून पाह्यली. साबणानं धुवायले लावली, तेल चोळायले लावलं. मशीन नाईच म्हणे. शेवटी वैतागला, "बाई, तुमच्या रेषा गेल्या तरी कुठी?"

"तळ्यात," भागरताबाई म्हणाली. "जाळं टाकून पाहा."

तीन महिने अंगठा लागला नाई, तं यादीतून नावच उडालं. वरून निरोप आला, की घराची पडताळणी होईन, मंग पाहू.

पडताळणीवाला काही आला नाई. मॅडम आली.

*

मॅडमचा कॅमेरा म्हणजे काठीवर बसवलेला बेडूक. दोन्ही अंगाले डोळे. पुढचं, मागचं, वरचं, खालचं, सगळं एकदम दिसते. मंग ते डबडं डोळ्याले लावलं, का माणूस त्याच घरात उभा असल्यासारखं वाटते. मॅडमचा बेत असा, की तालुक्याच्या साहेबाले भागरताबाईच्या घरात उभं करायचं. साहेब विरघळन, नाव परत येईन.

भानगड एकच. चारही अंगाचं दिसते म्हणून फोटो काढणाऱ्यालेही लपा लागते. मॅडम अन् तिचा दाढीवाला कॅमेरावाला गोठ्यामागं पळाले. पळता पळता मॅडम ओरडली, "कॅमेरा सुरू आहे, सगळे लपा!"

गाव आज्ञाधारक. सगळे लपले.

पहिल्या फिल्ममध्ये काय आलं? रिकामा रस्ता, रिकामं घर अन् एक बकरी. भागरताबाईले शोधता शोधता नाकी नऊ आले. सापडली ती तांदळाच्या कणगीत. कणगी रिकामीच होती, बाई आरामात बसली होती.

मॅडम म्हणे, "आजी, तुम्हीच का लपलात?"

"यादीत मी दिसत नाई, मशीनले मी दिसत नाई. मले वाटलं इथीही दिसायचं नसन."

*

दुसऱ्या दिवशी बेडूक तळ्याच्या पाळीवर लावला. तं फॉरेस्टचा गार्ड सायकल टाकून धावत आला. आमच्याइथी असा डबा दिसला म्हणजे वाघ मोजायचा असते. त्याले वाटलं, परवानगी न घेता कोणी परस्पर वाघ मोजून राह्यलं.

मॅडमनं त्याले समजावलं, की वाघ नाही, यादीतून गेलेली माणसं. गार्ड वही उघडून उभा. म्हणे, मले काहीतरी लिहाच लागन, नाई तं माहा साहेब मले धरते.

भागरताबाई जाळं विणून राह्यली होती. मान वर न करता म्हणाली, "लिही बाप्पा. मादी एक. वय सत्तर. तुमच्याच यादीत घे. वाघाचं नाव कधी कटलं नाई."

*

मंग घरातली शूटिंग. मॅडमनं आदल्या दिवशी सांगतलं होतं, की आजी, लोक मुंबई-दिल्लीत बसून तुमच्या घरात येतील, एकदम शेकडो. इथंच चूक झाली. आमच्याइथी घरात लोक येणार म्हणजे काय, हे मॅडमले ठाऊक नाई.

सकाळी जाऊन पाहतो तं अंगण सारवलेलं, बाई लग्नाच्या लुगड्यात, शेजारपाजारचे स्टीलचे गिलास रांगेत मांडलेले. मले म्हणते, "कवडूभाऊ, पाहुण्याईले बसायले काय देऊ?" मी फटफटीवर शाळेतल्या दोन खुर्च्या बांधून आणल्या. फटफटी अंगणात लावली, खुर्च्या आत ठेवल्या, तेवढ्यात मॅडमचं "लपा!" मी भाताच्या तणसाच्या ढिगामागं.

दाढीवाला हळूच मॅडमले म्हणून राह्यला होता, की घर फार चांगलं दिसतंय, रोजच्यासारखं ठेवायला सांगा. मॅडमनं त्याले गप केलं. मॅडम बाई चांगली, माझं म्हणणं आधीपासून हेच आहे.

भागरताबाई आत, उंबऱ्यावर ठेवलेल्या बेडकासमोर उभी राह्यली, पदर डोक्यावर घेतला अन् म्हणाली, "या, बसा. चहा घ्या. जेवायले थांबा म्हणाव, तं सध्या घरात तांदूळ नाई. नाव परत आलं का मंग या. सगळेच या."

ढिगामागं तणसाची कुसळं डोळ्यात जातात. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पानठेल्यावर भलतंच बोलतात.

*

तयार झालेली फिल्म मॅडमनं पहिल्यांदा भागरताबाईलेच दाखवली. डबडं डोळ्याले लावलं. बाई स्वतःच्या घरात उभी. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, मंग मान वर केली अन् थांबली. मॅडमनं विचारलं, "काय वाटतंय, आजी?"

"कवडूभाऊ, चुलीवरच्या छपराचं कवेलू फुटलं आहे. उद्या शिडी घेऊन ये."

इतकी वर्षं बाईनं घरात मान वर केली नव्हती. दुसऱ्या दिवशी कवेलू बदललं. तोवर त्या मशीनचा गावाले झालेला फायदा एवढाच.

*

शेवटी तालुक्याले गेलो. मॅडम, दाढीवाला, भागरताबाई अन् मी. साहेब तसा भला दिसला. फिरत्या खुर्चीवर बसला, डबडं डोळ्याले लावून घेतलं. डबड्यातून भागरताबाईचा आवाज आला, "या, बसा. चहा घ्या." खरी भागरताबाई टेबलासमोर उभी. तिले कोणी बसा म्हटलं नव्हतं.

तांदळाचं बोलणं झालं. मॅडमचे डोळे भरले. मले वाटलं, साहेब विरघळला!

तेवढ्यात साहेबाची खुर्ची फिरली. पार उलटी. आता डबड्यातली बाई त्याच्या पाठीमागं अन् अंगण समोर. साहेबानं मान पुढं काढली, खाली वाकला अन् बोलला.

"अंगणातली गाडी कोणाची?"

साहेबानं डबडं न काढता बाबूले सांगितलं, "लिहा. वाहन, एक." मंग अजून थोडा वाकला. "गवताच्या ढिगामागे डोकं दिसतंय. टोपी आहे. लिहा. पुरुष, एक."

मी म्हटलं, "साहेब, गाडी माही. अन् डोकंही माहंच."

साहेबानं डबडं वर केलं. माझ्याकडं पाह्यलं, टोपीकडं पाह्यलं. "म्हणजे तुम्ही या घरात राहता? रेकॉर्डवर तर बाई एकट्या आहेत." अन् बाबूले म्हणे, "लिहा. कमावता पुरुष, लपून राहतो."

दाढीवाल्यानं लॅपटॉप मिटला.

भागरताबाई पुढं आली. टेबलावर हात आपटला. "साहेब, ह्या कवडूसंगं राहण्यापरीस मी उपाशी मेलेली बरी. हे लिहून घ्या. अंगठा लावून देते."

सगळं ऑफिस हसून राह्यलं. बाबूच्या हातातला पेन पडला. पण बाई थांबली नाई. शिक्क्याच्या पॅडवर अंगठा दाबला अन् बाबूच्या त्याच कागदावर, वाहन अन् पुरुषाच्या खाली, उमटवला. निळा गोल ठिपका. आत एक रेष नाई.

हसणं बंद झालं. साहेबानं कागद जवळ ओढला. डबड्यात पाह्यलं त्याहून जास्त वेळ तो ठिपक्याकडं पाहून राह्यला. मंग पेन मागितला अन् वरच्या सगळ्या ओळी स्वतःच्या हातानं खोडल्या.

आता नाव यादीत परत आलं, महिन्याचा तांदूळ अंगठ्याशिवाय येते. दुकानातून घरापर्यंत त्याच फटफटीवर मीच आणतो. बाई मागं तांदळाच्या चुंगडीवर बसते अन् सगळ्या रस्त्यानं, हळू चालव, हळू चालव. शनिवारी मॅडमचा फोन आला तं तिच्याशी पंधरा मिनिटं बोलली. साहेबाले शिंगाडे पाठवले. गार्डले पाठवले. दाढीवाल्यालेही पाठवले.

अन् मले भरल्या ऑफिसात, बाबू-चपराश्यासमोर, उपाशी मेलेली बरी म्हटलं, त्याची माफी एका माणसानं अजून मागितली नाई. भागरताबाईनं.