बैलजोडीशी शर्यत आणि अकोल्याचे कमानपाटे

अकोल्याला माणसं कापूस विकायला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात, मुलगी पाहायला जातात. मी एका जीपच्या मागच्या चाकांसाठी गेलो. आणि दोष माझ्याच भाषणाचा होता, असं त्या जीपचा मालक वसंता वाटभर मला ऐकवत होता.

वसंता मोर्शीच्या अलीकडच्या एका गावचा, संत्र्याच्या बागेतला. नागपूरला दोन वर्षं शेतकीचं शिक्षण घेऊन परत आलेला. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यानं मिळवली होती आणि तिच्यातून तो संत्री थेट अमरावतीच्या बाजारात नेऊ लागला होता. तोवर व्यापारी बागेत येई, खाटेवर बसून चहा पिई आणि भाव सांगून जाई. जीप आल्यापासून चहा मिळे, पण भाव वसंता सांगे. त्याच्या गावच्या वाचनालयात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मी सांगितलं, आणि आजही सांगेन, की बैलाच्या शेपटीमागून चालणारा देश जगाच्या मागूनच चालणार. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर पहिल्या रांगेतले देवरावजी उठले. हे वसंताचे वडील.

"वकीलसाहेब, भाषन चांगलं झालं," ते म्हणाले. "पन या लोखंडाची चाकं माह्या काळ्या मातीत जागच्या जागी फिरते, चरख्यासारखी. यंदाच्या शंकरपटात माह्या जोडीसंगं पळवा तिले. पहिले पोचली, त मी तिचं नाव काढत नाही. नाही पोचली, त जीप विकाची."

शंकरपट म्हणजे बैलांची सरळ रेषेतली शर्यत, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वळण नाही, फेरी नाही. या टोकाला सुटायचं आणि त्या टोकाला पोचायचं. पट्टी इतकी आखूड की सारा खेळ सुटण्यातच असतो. बैल पहिल्याच झेपेत अर्धा पट खातो. आणि आमच्या जीपला झेप घेणंच ठाऊक नव्हतं. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा लष्करानं लिलावापूर्वीच काढून घेतला होता. सगळा भार मागच्या दोन चाकांवर, आणि क्लच सोडला की तीच चाकं थडथड उड्या मारत.

निघालो सकाळी, अमरावतीहून. बडनेऱ्याचं रेल्वे फाटक बंद असतं, ते धरूनच वेळ काढा. मूर्तिजापूरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे डांबर कुठं आहे हे ड्रायव्हरनं आठवणीवर ओळखायचं असतं. मूर्तिजापूरच्या स्टेशनाबाहेर आलुबोंडा खा, तर्री वेगळी मागा, आणि शर्ट पांढरा असेल तर मागूच नका. अकोल्यात उतरण्याची सोय मी एका स्नेह्याकडे केली होती. ज्यांना स्नेही नाहीत त्यांनी स्टेशनजवळची लॉज पाहावी. खाटा आहेत, ढेकणांची वस्तीही जुनी आणि स्थिर आहे.

कापूस बाजाराच्या मागे गॅरेजांची रांग आहे. सरकीच्या तेलाचा वास आणि डिझेलचा धूर यांची तिथं कायमची तडजोड झालेली. करीम मिस्त्रींनी जीपखाली डोकं घातलं, आखावर गाडी तोलून धरणारे वाकडे पोलादी कमानपाटे हलवून पाहिले, डोकं बाहेर काढलं आणि निकाल दिला.

"कमान नरम हाय साहेब. ट्रकचे पाटे टाका. कापसाच्या गाठी वाहते थे पाटे. हालनार नाही."

"पन करीमभाई, जीप हलकी हाये," वसंता म्हणाला. "एवढे जाड पाटे टाकले त चाकं जमिनीले टेकनार कसे?"

"टेकतील ना. जातील कुठं?"

इथं मी बोललो. जगात जे वाकतं ते मागे पडतं, पोलादानं पोलादासारखं वागावं, नरमाईनं कोणती लढाई जिंकली ते दाखवा, असं काहीसं. समोरच्या गॅरेजातले लोक आले, हमाल आले, एका ट्रकचा क्लीनर टपावरून ऐकत होता. शेवटी हात वर करून मत घेतलं. वसंता सोडून सगळे ट्रकच्या पाट्यांच्या बाजूनं. लोकशाहीच्या नियमानं पाटे बसले.

परतीला मूर्तिजापूर गाठेपर्यंत माझ्या मणक्यांनी लोकशाहीविषयी बराच विचार केला. खड्डा आला की जीप त्यावरून जात नव्हती, त्यावरून उडत होती. एका नांगरलेल्या शेताच्या कडेला वसंतानं गाडी थांबवली.

"वकीलसाहेब, तुमी चालवा. मी खाली झोपून पाहतो."

"मला कुठं येतं?"

"क्लच सोडता येते ना? तेवढंच कराचं."

तो बांधाच्या कडेला पालथा पडला आणि मी क्लच सोडला. जीपनं दोन-तीन ठोकरा मारल्या आणि बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. वसंता कपडे न झटकताच उठला. जोर आला की मागचा आख स्वतःभोवती पिळतो, असं त्यानं मातीत काडीनं काढून दाखवलं. आधीचे पाटे त्या पिळानं नागासारखे वळत, सुटले की उसळत, आणि चाक उडे. हे नवे पाटे वळत नाहीत, पण दबतही नाहीत, म्हणून ढेकळ लागलं की चाक हवेत. पाट्यांचा पुढचा अर्धा भाग आवळायला हवा, मागचा मोकळा हवा.

"म्हणजे अर्धं कठोर, अर्धं मऊ?" मी विचारलं. मला ते धोरण म्हणून आवडलं नाही.

"हो जी. आन शॉकअॅब नवे. उसळी त्यानं मरते."

आम्ही जीप वळवली. करीम मिस्त्री पान खात बसले होते. वसंतानं त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच म्हनून राह्यलो होतो. साहेबांनी भाषन केलं, म्हून गप बसलो." मग जुनेच पाटे परत चढले, पुढच्या अर्ध्या भागावर लोखंडी पट्ट्या आवळल्या, नवे शॉकअॅब आले, आणि आख पिळू नये म्हणून त्याच्यापासून चेसिसपर्यंत प्रत्येक बाजूला एक दांडी जोडली. तुम्ही असलं काही करायला अकोल्याला जाणार असाल तर मुक्काम धरूनच जा, आणि गॅरेजात कोणतंही मतदान घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठेच्या पुढे एका मोकळ्या रानात आम्ही जीप सोडून पाहिली. मागची चाकं एकदाच खाली दबली, माती धरली आणि गाडी निघाली. मी टोपी धरायच्या आत ती मागे पडली होती. वसंता हसला नाही. फक्त म्हणाला, "यंदाचा बहार मीच नेतो बाजारात."

पटाच्या दिवशी गावात बैलगाड्यांची जत्रा होती. झाडाखाली चुली पेटलेल्या, रोडगे शेणीच्या निखाऱ्यात, वांग्याची भाजी मोठ्या गंजात. जाणाऱ्यांनी पोट रिकामं ठेवून जावं. आग्रहाला तिथं कायद्याचं बळ आहे. पंचकमिटीत जीपवरून थोडा वाद झाला. मग कुणीतरी तिच्या बॉनेटवर गुलाल टाकला आणि वाद मिटला. शेजारच्या पट्टीवर देवरावजींची जोडी उभी होती, पांढरीशुभ्र, आणि ती हाकणारा धुरकरी तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता. वसंताही जीपशी बोलला असता, पण मी जवळ उभा होतो.

झेंडा पडला. बैल सुटले ते बाणासारखे. पण जीप थडथडली नाही. मागून मातीचा फवारा उडाला, चाकांनी जमीन धरली आणि अर्ध्या पटाच्या आत ती जोडीच्या पुढे होती. मी ओरडत होतो. गाव ओरडत होतं. आणि मला पटाचं दुसरं टोक दिसलं.

पट संपतो तिथं सुसाट आलेली जोडी आपण होऊन थांबत नाही. म्हणून गावची धट्टीकट्टी पोरं तिथं हात पसरून उभी राहतात, बैल अंगावर घेतात, कासरे धरतात. कमिटी न्यायी होती. जोडीला धरायला माणसं आणि जीपला नाहीत, हा पक्षपात तिनं होऊ दिला नव्हता. जीपच्या पट्टीवर, हौसेनं रेषेच्याही अलीकडे सरकून, गडी हात पसरून जीप धरायला उभे होते.

वसंतानं ब्रेक मारला. जीप आडवी घसरत थांबली. एका गड्यानं येऊन तिचा आरसा धरला आणि "ओ, ओ, शांत," म्हणाला. शेजारून जोडी रेषेपार गेली.

मी धावत जाऊन बॉनेटवर चढलो. न्याय, अडथळा, हेतू आणि परिणाम यांतला फरक, सगळं मांडलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि रोडग्यांकडे गेले. देवरावजी मात्र उभे राहिले.

"तुमचं सारं खरं, वकीलसाहेब. पन पहिले कोन पोचलं, थे सांगा."

मी तोंड उघडलं, तोवर वसंताच बोलला. "बैल, आबा."

"ब्रेक कायले मारला?"

"मानसं होती."

देवरावजींनी जीपकडे पाहिलं, मग पोराकडे. "मंग हरला. जीप विकाची." आणि जेवायला बसताना त्यांनी वसंताच्या पानात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. ते त्या घरात सणालाच निघे, असं मला मागून कळलं.

घरी परत आलो ते एसटीनं. मोर्शी रस्त्याची एसटी वेळेवर सुटते, वेळेवर पोचत नाही. वाटेत मी स्वतःशी तो खटला पुन्हा लढलो आणि जिंकलो. बैलांविषयीचं माझं मत तिळमात्र बदललेलं नाही. पुढच्या व्याख्यानात ते अधिक जोरात मांडणार आहे. कमानपाट्यांविषयीचं मात्र बदललं, आणि ते मी भाषणात न आणता ठेवून दिलं आहे.

आता वाचक विचारतात, जीपचं काय झालं? देवरावजींनी शब्द मोडलेला नाही. पटाच्या दुसऱ्याच दिवशी जीप विकायला काढली. पण विकायची तर गिऱ्हाईक अमरावतीतच मिळणार, आणि रिकामी गाडी न्यायची म्हणजे पेट्रोल वाया. म्हणून तिच्यात संत्री भरतात, वसंता चालवतो आणि शेजारी देवरावजी स्वतः बसतात. असं दर बाजाराला चाललं आहे. मागच्या बाजारी एकानं खरोखरच जीपची किंमत विचारली. देवरावजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "समोर मानूस आला त ब्रेक मारता का तुमी?" तो गोंधळला. "मंग नाही जमनार," असं म्हणून त्यांनी वसंताला गाडी सुरू करायला सांगितली.