कोचची फाईल

आमची टीम हरली की दुसऱ्या दिवशी सकाळी खानखोजेकाका फाईल उघडायचे. फाईल म्हणजे खरीखुरी फाईल, पिवळट पुठ्ठ्याची, लाल नाडीची, आत नोटशीट लावलेली. वर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘विषय : फॉरवर्ड बंटी को टीम से हटाने बाबत.’ मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हा बंटी कुठल्यातरी खात्यात नोकरीला असणार आणि त्यानं काहीतरी भानगड केलेली असणार. बंटीची भानगड एवढीच होती की त्याच्या स्टिकनं गोल होत नव्हता.

मी पुण्याहून नोकरीसाठी भोपाळला आलो आणि अशोका गार्डन नावाच्या वस्तीत काकांच्या घरी वरच्या मजल्यावर राहू लागलो. हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण या गावात हॉकीपासून पळून जायला जागा नाही. काका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, वस्तीतल्या हॉकी क्लबच्या निवड समितीचे प्रमुख. समितीतले दुसरे दोघे, मिश्राजी आणि सक्सेनाजी, त्यांच्याच हाताखाली कारकुनी करून निवृत्त झालेले. चौथी जागा रिकामी होती. काकांनी एक दिवस जिन्यातच मला अडवलं. “पुणेकर, तुम्ही इंजिनियर हाय, मराठी हाय, अन् रविवारी रिकामे हाय. उद्यापासून समितीत या.” मी म्हटलं, मला खेळातलं काही कळत नाही. ते म्हणाले, “मंग तं चांगलंच हाय. ज्याले कळते तो ऐकत नाही.”

समितीचं कामकाज सचिवालयासारखं चाले. सर्वांत धाकटा म्हणून टीप मी लिहायची. मग ती मिश्राजींकडे जाई, ते खाली ‘प्रस्ताव उचित प्रतीत होता है’ लिहीत. सक्सेनाजी त्याहून कडक शब्दांत री ओढत. शेवटी फाईल काकांपुढे येई आणि काका वर्षानुवर्षं एकच शेरा मारत आले होते : ‘चर्चा करें.’ मग रविवारी सकाळी मैदानासमोरच्या पोहे-जिलेबीच्या ठेल्यावर चर्चा व्हायची, आणि चर्चेअंती काहीच व्हायचं नाही.

त्या चर्चांनी माझं डोकं अगदी फिरवून टाकलं. मिश्राजी म्हणाले, बंटीला काढा, तर काका बंटीच्या बाजूनं तासभर बोलले. त्याचे पाय बघा, तो जागा कशी काढतो ते बघा, गोल काय, आज नाही तर उद्या होईल. त्यांनी मला पटवलं. मी म्हटलं, खरं आहे, बंटीला ठेवू या. त्याबरोबर काका माझ्याकडे वळले. “ठेवू या? काहून? पोट्टा पेनल्टी कॉर्नरच्या वक्ताले झोपून राह्यते, ते नाही दिसलं तुम्हाले?” आता मी कुठल्या बाजूला जायचं? सक्सेनाजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “भैया, टेंशन मत लो, जिलेबी लो.” घरी येताना मी जरा चिडूनच विचारलं, काका, तुमचं स्वतःचं मत तरी काय आहे? ते म्हणाले, “माणूस काढाले एक मिनिट लागते बाप्पा. म्हणून मी दोन महिने लावतो.” तोवर बंटी गोल करायला लागला होता, आणि त्याची फाईल कपाटात गेली ती गेलीच.

सगळ्या गोंधळात एकच गोष्ट स्पष्ट होती. क्लबचे कोच अन्वरभाई आणि काका यांची चाळीस वर्षांची मैत्री. दोघं एकाच टीममधून खेळले होते, काका बचावात आणि अन्वरभाई गोलवर. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला. संध्याकाळी अन्वरभाई रेल्वे लाइनीपलीकडून चालत यायचे आणि ओट्यावर दोघं चहा पीत बसायचे. बोलणं फारसं नसायचंच. कधी अन्वरभाई आले नाहीत तर काका दोनदा फाटकापर्यंत जाऊन यायचे.

मग टीम ओळीनं हरू लागली. अन्वरभाईंची शिकवायची पद्धत जुनी, चेंडू पायाजवळ ठेवा, छोटे पास द्या, घाई करू नका. समोरच्या टीमा वाऱ्यासारख्या पळायच्या. शेजारच्या वस्तीत एक तरुण कोच आला होता, मोबाइलवर मुलांच्या खेळाची चित्रफीत घेऊन चुका दाखवायचा. ठेल्यावर त्याचंच नाव निघू लागलं. मलाही वाटत होतं की अन्वरभाईंनी थोडं बदलावं. पण सरळ सांगायची माझी छाती नव्हती. तेव्हा मी माझ्या मते फार हुशारीचा मार्ग काढला. अन्वरभाईंना हटवावं अशी दोन पानी टीप लिहिली, मुद्देसूद, पुण्याच्या माणसाला शोभेल अशी. हिशेब सरळ होता : काका ‘चर्चा करें’ लिहिणार, चर्चा होणार, ती अन्वरभाईंच्या कानावर जाणार आणि ते सुधारणार.

मिश्राजींनी सही केली. सक्सेनाजींनी तर ‘तत्काल प्रभाव से’ असं जोडलं. फाईल काकांकडे गेली आणि तीन आठवडे तिथेच राहिली. चौथ्या रविवारी त्यांनी ती पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. माझ्या दोन पानांखाली एकच शब्द होता : ‘सहमत.’ खाली सही.

काका उठले, स्वतः अन्वरभाईंकडे गेले आणि निर्णय सांगून आले. त्या संध्याकाळपासून ओट्यावर एकच खुर्ची दिसू लागली.

पुढच्या रविवारी मी मिश्राजींना गाठलं. ते माझ्यावरच उसळले. “अरे, आपने लिखा क्यों? अन्वर को कौन हटाना चाहता था!” मी म्हटलं, मग तुम्ही सही का केली? “हमें क्या मालूम था! हम तो समझे, बड़े साहब रोक देंगे.” सक्सेनाजींचंही तेच. नोकरीत तीस वर्षं त्यांनी अशाच कडक टिपा लिहिल्या होत्या, कारण वरचा माणूस त्या थांबवतो हे त्यांना पाठ होतं. म्हणजे चार माणसांच्या सह्या झाल्या, आणि अन्वरभाई जावेत असं निदान आमच्या तिघांच्या तरी मनात नव्हतं. मला हसावं की रडावं ते कळेना. चौथ्याच्या मनात काय होतं, ते विचारायला मी खाली गेलो.

काका ओट्यावर एकटेच बसले होते. मी सगळं सांगून टाकलं.

“मंग लिहिलं काहून?”

“तुम्ही अडवाल म्हणून.”

“मी कसा अडवू?” ते म्हणाले. “माह्या दोस्ताची फाईल हाय ते. अडवली असती तं लोक म्हणाले असते, खानखोजेनं यारी निभवली. तीन हप्ते वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं, तुम्ही तिघं हाय, कोणी एक जण येऊन म्हणन, काका, राहू द्या. कोणीच नाही आलं.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून अन्वरभाईंच्या घरी घेऊन गेलो. नवा कोच रुजू झाला होता, त्यामुळे फिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. निदान खरं काय ते सांगावं, असं आमचं ठरलं होतं. अन्वरभाई दारात आले. आत या म्हणाले नाहीत.

“मनोहर, बस इतना बता,” ते काकांना म्हणाले. “वो काग़ज़ किसने लिखा था?”

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायचं, तीन शब्द बोलायचे, एवढंच काम. मी चपलेकडे पाहत राहिलो. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी बोलत नाही हे त्यांना कळलं असावं.

“मैंने,” काका म्हणाले. “दस्तख़त मेरे हैं, तो मेरा ही लिखा समझ.”

दार बंद झालं. येताना सिग्नलवर मी विचारलं, काका, तुम्ही असं का सांगितलंत? ते म्हणाले, “तुम्हाले अजून इथं राहाचं हाय, पुणेकर.” याचा अर्थ मला तेव्हा नीट लागला नाही. मला वाचवलं याबद्दल आभार मानावेत, की माफी मागावी, की दोन्ही, हेही ठरवता आलं नाही, म्हणून मी काहीच केलं नाही. टीम मात्र नव्या कोचच्या हाताखालीही हरतच राहिली. मग खरा दोष कोणाचा होता, हे मला अजून उमगलेलं नाही.

दोन वर्षं काका ओट्यावर एकटे चहा पीत बसले. मी कधीमधी शेजारी बसायचो, पण माझ्याशी ते बोलायचे, आणि त्यांना तर न बोलता बसायला कोणीतरी हवं होतं. मग गुडघे गेले, मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली, आणि गेल्या थंडीत तिचा फोन आला की बाबा झोपेतच गेले.

बातमी सांगायला मी अन्वरभाईंकडे गेलो. या वेळी त्यांनी मला आत बसवलं. पाणी दिलं. ऐकून ते गुडघ्यावर हात चोळू लागले. तेव्हा मी सांगितलं. वो काग़ज़ मैंने लिखा था, अन्वरभाई. खानखोजेजी तर तीन आठवडे वाट पाहत होते, की कोणीतरी तो अडवावा.

मला वाटलं, ते रागावतील. ते रागावले नाहीत. गोंधळल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले.

“तो उस दिन बोल देते, बेटा,” ते म्हणाले. “तुम वहीं तो खड़े थे. मैं दो साल उसके घर नहीं गया.”