मासे पोहत होते तोवर

मी पोहोचलो तेव्हा शेतकी ऑफिसातली पाच-सहा माणसं कॉम्प्युटरसमोर खुर्च्या ओढून टक लावून बसली होती. स्क्रीनवर मासे पोहत होते.

निळं पाणी, तळाशी पांढरी वाळू, हिरवं डुलणारं शेवाळ. एक पिवळा मासा डावीकडून यायचा, मध्ये थबकायचा, काहीतरी आठवल्यासारखं करून परत वळायचा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. कारखान्याच्या अड्ड्यावर बैलगाड्या येऊन उभ्या होत्या, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आदल्या दिवशीच उतरल्या होत्या. आत मात्र सगळ्यांच्या तोंडावर निळा उजेड पडला होता. पंखाही हळू फिरतोय असं वाटत होतं.

"या सर, बसा," साळवे भाऊसाहेब म्हणाले. ते शेतकी खात्याचे क्लार्क. "सकाळी नऊला यादी लावलीय. चाललंय आत."

मला खरं तर भांडायचं होतं. नगरहून एसटीत उभ्याने येताना मी भांडणाची वाक्यं जुळवत आलो होतो. या साखर कारखान्यातल्या कॉम्प्युटर मशीन वर्षभर सांभाळायचं कॉन्ट्रॅक्ट माझं. आणि मला न विचारता पुण्याच्या सप्लायरने माणूस पाठवून मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, तर कारखान्याचा टाइमकीपर. कोणी कधी कामावर जायचं आणि कोणी बाजूला थांबायचं ते तो ठरवतो. जुना टाइमकीपर काळा-पांढरा आणि रूक्ष होता, पण दोन हंगाम त्याने मला कधी दगा दिला नव्हता. नवा रंगीत होता. सोबत न मागितलेलं बिऱ्हाडही घेऊन आला होता. परदेशी शहरांची वेळ दाखवणारं घड्याळ, पत्त्यांचे डाव, इंग्रजीतून केक शिकवणारं एक पुस्तक. आणि हे मासे.

पण मी बसलो. पिवळा मासा वळला आणि माझी वाक्यं विरघळली. कोणीतरी चहा दिला. माझं लहानपण ज्या गावात गेलं तिथे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. एवढं पाणी इतकं जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. ते खोटं आहे हे ठाऊक असूनही पायांना गार वाटत होतं. तासभर कसा गेला मला सांगता येणार नाही.

माझ्या शेजारी गहिनीनाथ मुकादम बसले होते. डोक्याला फेटा, हातात तंबाखूची पिशवी. त्यांच्या टोळीत वीस कोयते, म्हणजे वीस जोडपी. यादी लागली की कोणत्या गावच्या उसाच्या फडात जायचं ते कळणार, म्हणून ते सकाळपासून येऊन बसले होते.

त्या यादीला तोडणी कार्यक्रम म्हणतात. कोणाचा ऊस कधी तोडायचा त्याचा क्रम. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधी, त्याची तोड आधी. नियम एवढाच. पण यादी हाताने व्हायची तेव्हा वजनदार माणसांची लागण दरवर्षी आधीच झालेली निघायची. साध्या माणसाचा ऊस उभ्या उभ्या वाळायचा. साळव्यांच्या वडिलांचाही वाळला होता, त्यांचा एकरभरच होता. म्हणून साळव्यांनी तीन वर्षं मागे लागून यादी कॉम्प्युटरवर आणवली. प्रोग्राम मी बसवून दिला. चार हजारांच्या आसपास नोंदी, तारखेप्रमाणे लावायला चार तास लागायचे. कॉम्प्युटरला माणूस ओळखता येत नाही, हा त्याचा एकमेव गुण आम्हाला हवा होता.

दारात मोरे साहेब आले. शेतकी अधिकारी.

"झाली का यादी?"

"चाललीय साहेब," साळवे म्हणाले.

"पाचला बोर्डावर पाहिजे. टोळ्या बसवून ठेवता येत नाहीत. नाही झाली तर हाताने लावू. माझ्याकडे एक कच्ची यादी तयार आहे."

"ती कधी तयार केली?" मी विचारलं.

"असू द्यावी माणसाने," म्हणाले आणि गेले.

साळव्यांचा चेहरा उतरला. कच्च्या यादीत पहिली दहा नावं कोणाची असतील हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"किती राहिलं असंल?" मुकादमांनी मला विचारलं.

"साडेतीन तास झाले. आलंच असेल."

ते उठले, टेबलापाशी गेले आणि कॉम्प्युटरच्या पेटीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"सायेब, रागावू नका. पर ही पेटी गप हाय."

"म्हणजे?"

"मोटार पानी वढत आसली की पाइप थरथरतो. हात लावला की कळतं. हिथं निसता पंखा फिरतोय. मासं पळत्यात, पर आत काय चाललेलं न्हाई."

मी चिडलो. मी मोटार रिवाइंडिंगमधून वर आलेला माणूस. दहा वर्षं मी मोटारीला हात लावून आजार सांगत होतो. आणि पाथर्डीचा मुकादम मला माझाच धंदा शिकवत होता. मी तावातावाने जाऊन पेटीला कान लावला. काम चालू असलं की आतली डिस्क किरकिर करते, तांदळात खडे चावल्यासारखी. किरकिर नव्हती.

मी माऊस हलवला. मासे गेले. खाली आमची काळी खिडकी होती आणि तिच्यात आकडा होता, नोंद एकशे बहात्तर. तो बघता बघता एकशे त्र्याहत्तर झाला. डिस्क किरकिरू लागली.

मला सगळं कळलं. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की मासे येत. मासे आले की नवा टाइमकीपर आमच्या जुन्या प्रोग्रामला म्हणे, तू बाजूला उभा राहा. सकाळी दहा मिनिटं काम झालं होतं. नंतर मासे पोहत होते तोवर यादी थांबलेली होती. आणि पाण्यात मन रमलेलं, म्हणून कोणी हात लावला नव्हता.

"मासे बंद करा ना सर," साळवे कुजबुजले.

गेलो बंद करायला. तर त्याने पासवर्ड मागितला. मोऱ्यांच्या केबिनमधून मी पुण्याला फोन लावला.

"पासवर्ड सांगा."

"तो पॅकेजचा भाग आहे. काढला तर वॉरंटी जाते," तिकडचा इंजिनिअर म्हणाला. "तुम्ही कोण बोलताय?"

"ज्याची मशीन तुम्ही न विचारता उघडलीत तो. बरं, जुन्या सिस्टीमच्या फ्लॉप्या तरी द्या."

"त्या मी घेऊन आलो. आता त्यांची गरज नाही."

मी काय बोललो ते लिहीत नाही. मोरे साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं, एवढं सांगतो. फोन मी आपटला आणि परत आलो. मशीन बंद करून पुन्हा लावावी तर यादी पहिल्या नोंदीपासून. साडेबारा वाजले होते. उरलेल्या नोंदींना पावणेचार-चार तास, छापायला अर्धा. जेमतेम जमत होतं, पण मासे एकदाही आले नाहीत तर.

बघतो तर मुकादम माझ्या खुर्चीत बसलेले. माऊसवर त्यांचा हात, वर्षानुवर्षं कोयता धरून घट्टे पडलेला. हळूहळू फिरवत होते, जात्याचा खुंटा फिरवावा तसा.

"दाबायचं नाही," मी म्हणालो. "नुसतं हलवायचं."

"आमी काय दाबतोय. तुमी जेवून घ्या."

कोणी जेवायला गेलं नाही. मुकादम दमले की साळवे बसायचे, मग मी. दुपार कलत गेली. खिडकीतून बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. एक हजार. दीड हजार. आता पाणी नव्हतं, फक्त आकडे होते, आणि माणसं त्यांच्याकडेही तशीच टक लावून बघत होती. मध्येच मुकादम म्हणाले, "पिवळा कुठं गेला आसंल?" कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

साडेचारला शेवटची नोंद पडली. प्रिंटर खरखरत सुरू झाला. पाचला दोन मिनिटं कमी असताना साळव्यांनी यादी बोर्डावर टाचली. पहिलं नाव काष्टीकडच्या एका बाईंचं होतं, पाऊण एकरवाल्या. मोरे साहेबांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली आणि केबिनमध्ये गेले.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. हंगामाची पहिली मोळी टाकण्याच्या कार्यक्रमात कारखान्याच्या अध्यक्षांनी पुण्याच्या त्या इंजिनिअरला शाल-नारळ दिला. नव्या सिस्टीममुळे यादी वेळेत लागली म्हणून. मी तिसऱ्या रांगेत होतो. मुकादम कार्यक्रमाला नव्हते. ते फडात होते.

दुसऱ्या दिवशी मी मोऱ्यांसमोर बसून अट घातली. माझ्या सहीशिवाय मशीनला परका हात लागणार नाही, आणि जुन्या फ्लॉप्या पुण्याहून परत येतील, हे लिहून द्या. नाहीतर हंगामात मी येणार नाही. दोन तास घासाघीस झाली. शेवटी त्यांनी लिहून दिलं. आठवड्याने मी जुना टाइमकीपर परत बसवला.

साळवे दारापर्यंत सोडायला आले.

"सर, मासे पार गेले का?"

बिघडली तरी चालेल अशी एक मशीन कोपऱ्यात पडून होती. तिच्यावर मी नवी सिस्टीम आणि मासे टाकून दिले. पुढे कितीतरी दिवस लोक दुपारी तिच्यासमोर डबा खायचे.

शाल मला आजवर मिळालेली नाही. धडा मात्र मिळाला. आता कुठेही गेलो आणि कोणी म्हणालं, "चाललंय आत," की मी स्क्रीनकडे बघत नाही. आधी पेटीवर हात ठेवतो.