कडेला बसलेल्यालाही दिसेल असा टीव्ही

शेजारच्या अण्णांनी आमच्याच सोफ्यावर बसून, आमच्या टीव्हीवरची नजर न हलवता, त्यांच्या घरून थर्मास मागवला.

रविवारची दुपार होती. मॅच चालू होती. हॉलमध्ये कॉलनीतले सात-आठ पुरुष बसले होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आलं घातलेला, दूध जास्त असलेला. ट्रे घेऊन दारात आले तेव्हा अण्णांची सून फाटकातून आत येत होती. हातात लाल थर्मास, बोटांत अडकवलेले स्टीलचे पेले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. थर्मास टीपॉयवर ठेवला आणि गेली. अण्णांनी स्वतः चहा ओतला. एकेकाला दिला. पेले संपले. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात थोडा ओतला आणि तुमच्या आबांपुढे धरला.

"घ्या, गार्डसाहेब. तुमी बी घ्या. लाजू नका."

आबांना. आबांच्याच घरात. लाजू नका.

आबांनी ते झाकण दोन्ही हातांनी घेतलं.

मी ट्रे धरून उभी होते. माझे सगळे कप काठोकाठ भरलेले होते.

पोरांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, जुना टीव्ही बदलू या. कुठला पाठवू?" मी म्हटलं, लिहून कळवते. टीव्हीच्या कंपनीचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती. पण तो जुना टीव्ही आम्ही कसा निवडला आणि त्याच्यासमोर काय घडलं हे तुम्हाला माहीत नाही. ते माहीत नसताना तुम्ही नवा पाठवावा, हे मला बरं वाटत नाही.

आपण बौद्ध. माझं माहेर यवतजवळचं. आमची वस्ती गावाच्या बाहेर होती. माझ्या वडिलांना रस्त्यावरच्या हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर उभं राहून, वेगळ्या कपातून, आणि कप स्वतः विसळून ठेवावा लागायचा. तुमच्या बाबांना मी हे फारसं सांगितलं नाही. वाटलं, संपलं ते. मी इंग्रजीत बी. ए. झाले, दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, नंतर शिरूरला घरी शिकवण्या घेतल्या, इथल्या निम्म्या कॉलनीची पोरं माझ्या हाताखालून गेली. लोक मला 'बाई' म्हणतात. मला वाटायचं, त्या एका शब्दात सगळं धुऊन निघालं.

आबा रेल्वेत होते, दौंडला. मालगाडीचे गार्ड. गार्ड म्हणजे गाडीतल्या सगळ्यात शेवटच्या डब्यातला माणूस. पुढे वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, लांबच लांब रांग, मागे रिकामा रूळ, आणि मध्ये हा एकटा, हातात झेंडी. ड्रायव्हर दिसायचा नाही. बोलायला कोणी नाही. घरी आले की ते बोलतच सुटायचे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत ते चालून जायचं. तिथे सगळेच बाहेरून आलेले, कोणाचीही पोरं कोणाच्याही घरात जेवायची. तुमचे बाबा अर्धे शेजारच्या मद्रासी बाईंच्या हातचं खाऊन वाढलेत.

रिटायर झाल्यावर आम्ही शिरूरला घर बांधलं, मार्केट यार्डाच्या मागच्या कॉलनीत. घर चांगलं झालं. पण संध्याकाळी फाटकाला हात टेकून आबा उभे असायचे आणि लोक "काय गार्डसाहेब!" म्हणून पुढे जायचे. आत कोणी यायचं नाही.

"सगळी नोकरी शेवटच्या डब्यात गेली," ते म्हणायचे. "आता घरात माणसं बसलेली पायजेत मला."

म्हणून टीव्ही. मोठा, भिंतीवरचा, एचडी. कॉलनीत तेव्हा कोणाकडेच नव्हता.

आबांनी निवड रेल्वेच्या पद्धतीने केली. जुन्या पेपरांचे तीन तुकडे कापले, बत्तीस इंची, सदतीस इंची, बेचाळीस इंची, आणि हॉलच्या भिंतीवर चिकटवले. मग प्रत्येक खुर्चीत बसून बघितलं. सोफ्यावर, दिवाणावर, दाराशी, जिन्याच्या खालच्या पायरीवर. भिंतीवर पेपर, आणि समोर हा माणूस जागा बदलत टक लावून बसलेला. मी हसले.

"हसतीस काय? धा माणसं बसली तर कडंच्याला दिसाय नको?"

शेजारचे अण्णा मार्केट यार्डात कांद्याचे आडते. आवाज मोठा, ओळखी पुष्कळ. दुकानात ते सल्ला द्यायला बरोबर आले. दुकानातल्या टीव्हीवर समुद्रातले मासे पोहत होते, एकेक खवला मोजून घ्यावा इतका स्वच्छ. सगळे समोर उभे राहून बघत होते. आबा मात्र दुकानाच्या कोपऱ्यात गेले, फ्रिजच्या आड, आणि तिथून तिरपी मान करून बघायला लागले. काही टीव्ही कडेने बघितले की काळपट दिसतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

दुकानदार म्हणाला, "गार्डसाहेब, टीव्ही घ्यायचाय का थेटर काढायचंय?"

अण्णा जोरात हसले. "बारका घिऊ नका. मोठाच घ्या. आमी बी येऊ की बघाय!"

आबांनी बेचाळीस इंची घेतला. जो कोपऱ्यातूनही उजळ दिसत होता तो. सौदा ठरल्यावर दुकानदाराने टपरीवरून चहा मागवला. अण्णांनी स्वतःच्या हाताने ग्लास उचलून आबांना दिला, आपला घेतला, दोघे शेजारी उभे राहून प्यायले. घरी येऊन आबांनी टीव्हीच्या आधी मला हेच सांगितलं. "अण्णांनी माझ्यासंगं चा घेतला." मीही खूश झाले. बाजारातला चहा आणि घरातला चहा यांत फरक असतो, हे मला कळायला हवं होतं. मी यवतची आहे.

टीव्ही भिंतीवर चढला. केबल लावली तर खेळाडूंचे चेहरे पिठाच्या हाताने पुसल्यासारखे.

अण्णा म्हणाले, "ह्यो एचडी व्हय? दुकानातलं मासं बरं व्हतं की!"

मग डिश बसवली. बसवणारा म्हणाला, "आजोबा, टीव्ही एचडीला तयार हाय. चॅनल अजून तयार न्हाईत. येतील." चित्र बरंच सुधारलं. कोपऱ्यावरचा 'फुल एचडी'चा स्टिकर आबांनी कधीच काढला नाही.

आणि माणसं आली. खरंच आली. मॅचला आली, मॅच नसतानाही आली. आबांनी रिमोट अण्णांच्या हातात दिला तो त्यांच्याच हातात राहिला. आबा दाराजवळच्या खुर्चीत, सगळ्यात कडेला बसायचे आणि टीव्हीपेक्षा माणसांकडे जास्त बघायचे. मालगाडीच्या गोष्टी सांगायचे. लोक ऐकायचे. इतकी वर्षं संसार केला, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता.

मी दर वेळी चहा करायचे.

"आत्ताच घिऊन आलो, बाई."

"ॲसिडिटी झालीय ओ."

"आज चतुर्थी हाय." अण्णांची चतुर्थी त्या महिन्यात बऱ्याचदा आली.

पाणी आणलं तर तहान नसायची. मी ट्रे परत न्यायचे आणि चहा सिंकमध्ये ओतायचे. नळ सोडून, आवाज होऊ न देता. आणि दर वेळी मनात समजूत घालायचे. वय झालंय, पथ्यं असतात, उन्हाळा आहे. शिकलेल्या माणसाला समजुती छान घालता येतात. आम्ही शिरूरला नवे होतो तेव्हा अण्णांचा नातू माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायचा तेव्हा त्याच्या गळ्यात पाण्याची बाटली असायची. भिंतीपलीकडच्या घरातून येणारं पोर, आणि गळ्यात बाटली. तेव्हाही मी म्हटलं होतं, किती काळजी घेतात पोराची.

त्या रविवारी थर्मास आला आणि सगळ्या समजुती एकदम गळून पडल्या. ती बाटली, त्या चतुर्थ्या, सिंकमधला चहा. वडिलांचा तो कपही. फक्त एवढंच बदललं होतं, की आता हॉटेल आमचं होतं आणि वेगळा कप त्यांनी घरून आणला होता.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. थर्मासला खेटून. रिमोट अण्णांकडे होता, म्हणून भिंतीपाशी गेले आणि बोर्डावरचं बटण बंद केलं.

पडदा काळा झाला. त्यात आम्ही सगळे दिसत होतो.

"लाईट गेली का काय?" कोणीतरी म्हणालं.

"मी बंद केलाय," मी म्हटलं. "या घरात टीव्ही बघायचा तर या घरचा चहा घ्यावा लागेल."

"बाई, मॅच चाललीय की," अण्णा म्हणाले. अजून हसतच होते.

"चालू द्या. तुमच्याकडेही टीव्ही आहे."

"आमचा बारका हाय ओ!"

कोणी हसलं नाही. कपांवर साय धरायला लागली. एकाने कपाकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. अण्णा उठले तसे सगळे उठले. फाटकापाशी चपला शोधताना अण्णा म्हणाले, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "चार बुकं शिकली की आसंच आस्तं."

आबा खुर्चीतून हलले नव्हते. त्यांच्या हातात झाकण तसंच होतं. रिकामं.

जाताना अण्णा थर्मास घेऊन गेले. पेले घेऊन गेले. झाकण तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी ते घासून, पुसून मी अण्णांच्या फाटकाशी गेले. त्यांच्या बायकोने हात पुढे केला नाही.

"राहू द्या, बाई. आमी नवा थर्मास आणला."

एका झाकणासाठी नवा थर्मास. कारण त्यातून आबा प्यायले होते.

घरी येऊन मी आबांना विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं?"

"पैल्या दिवसापास्नं कळत व्हतं."

"मग?"

"मग काय. चा नको म्हणायचे, पर बसायचे का न्हाई? मला तेवढं चालत व्हतं." त्यांनी माझ्या हातातलं झाकण घेऊन टीपॉयवर ठेवलं. "तुला न्हाई चाललं. ते बी बरोबर हाय. पर मला एकदा इचारायचं व्हतंस."

मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, आबा भोळे आहेत. ते भोळे नव्हते. त्यांनी हिशेब मनाशी केला होता आणि जे मिळत होतं ते पत्करलं होतं. मी एका बटणासरशी ते काढून घेतलं. त्या लोकांपुढेच. त्यांना एक शब्द न विचारता.

त्यानंतर कोणी आलं नाही. दिवाळीला अण्णांनी आमच्यापेक्षा मोठा टीव्ही घेतला. त्यांच्याकडे केबल, आमच्याकडे डिश. डिशवर चित्र थोडं उशिरा येतं. त्यामुळे पलीकडे आधी ओरडा व्हायचा आणि मग आमच्या पडद्यावर चेंडू पडायचा. विकेट गेलेली आबांना भिंतीपलीकडून कळायची. ते तरीही बघायचे. दाराजवळच्या त्याच खुर्चीत, कडेला. सोफा रिकामा असायचा. मी म्हणायचे, मध्ये बसा, नीट दिसेल. ते म्हणायचे, "हितनं बी चांगला दिसतो. म्हणून तर घेतला."

आबा गेले त्या दिवशी अण्णा आले. सोफ्यावर बसून रडले. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मयताच्या घरी चहा घेत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी त्यांना कारण शोधावं लागलं नाही.

पुढे काही महिन्यांनी ते फाटकात उभे राहिले. केस पांढरे झालेले, आवाज उतरलेला.

"बाई, एकट्या आसता तुमी. सांजचं येऊन बसत जाऊ का जरा?"

"या की. चहा टाकते."

त्यांनी चपलेने माती उकरली. "शुगर हाय ओ मला."

"बिनसाखरेचा करते."

ते उभे राहिले. मीही उभी राहिले. मग ते "बघतो" म्हणाले आणि गेले. मी आत आले. हॉल रिकामा होता. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. मला आबांचा चेहरा दिसला, माणसांनी भरलेल्या हॉलमधला. तो चेहरा मी त्यांना परत देऊ शकले नाही. रोज संध्याकाळी दिवा लावताना हे मला टोचतं, आणि टोचत राहावं. आबांची मी अपराधी आहे. अण्णांची नाही. या दोन गोष्टी मी एकमेकींत मिसळू देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

तेव्हा टीव्ही पाठवा. मोठाच पाठवा. कडेने बघितला तरी काळपट दिसणार नाही असा बघून घ्या, कोपऱ्यात उभं राहून तपासा. सोफा आहे, दिवाण आहे, जिन्याची पायरी आहे. ज्याला यायचं त्याने यावं. आधी चहा, मग टीव्ही. ते झाकण मी बोर्डाखालच्या फळीवर ठेवलंय. बटण माझ्या हाताशी आहे, आणि ते बंद करताना या वेळीही माझा हात थांबणार नाही.