एकोणचाळीस नंबरच्या नळ्या

घोरावाडी आणि लोणावळा यांच्या मधे, रेल्वेमार्गापासून बरंच आत, टेकडीच्या उतारावर क्षयरोग्यांचं एक रुग्णालय होतं. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. त्याआधी, साठच्या दशकात, मी तिथे दोन वर्षं प्रयोगशाळेत सहायक होतो. प्रयोगशाळा म्हणजे वॉर्डांपासून दूर असलेली पत्र्याच्या छपराची बराक. तिला तीन खोल्या होत्या. पहिलीत सर नवी औषधं बनवत, मधलीत मी ती जंतूंवर तपासत असे आणि तिसरीत मी राहत असे.

सर रसायनशास्त्राचे. क्षयावर तेव्हा जी मोजकी औषधं होती त्यात एक छोटी पांढरी गोळी सगळ्यांत गुणकारी होती. त्या गोळीच्या रेणूला एखादा तुकडा जोडायचा, एखादा काढायचा आणि तिच्याहून सरस काही हाती लागतं का ते पाहायचं, हे सरांचं काम. प्रत्येक नव्या पदार्थाला ते नंबर देत. मी रुजू झालो तेव्हा अठ्ठावीस नंबर चालू होता. त्याआधीचे सगळे निकामी ठरले होते.

तपासायची पद्धत अशी. कोंबडीची अंडी साबणाने घासून, स्पिरिटमध्ये बुडवून फोडायची, घोटून मलमलीतून गाळायची. त्यात क्षार आणि हिरवा रंग मिसळायचा, नवा पदार्थ घालायचा आणि नळ्यांत भरून मंद आचेवर थिजवायचं. त्यावर गोळीला दाद देणारे साधे जंतू सोडायचे आणि नळ्या उबदार पेटीत ठेवायच्या. सोबत नवा पदार्थ न घातलेल्या साध्या नळ्या असत. साध्या नळीत जंतू वाढले आणि दुसरीत वाढले नाहीत, तर औषध चाललं. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. निकालाला सहा आठवडे लागत. तोवर पेटीचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, एवढंच काम उरे.

स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात माझा कप वेगळा होता, खिळ्याला टांगलेला. मी आजारी नव्हतो, पण मी कुठून येतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाकावर मी बसलो की शेजारचा माणूस गाडी आली का ते बघायला उठे. रविवारी सर पुण्याला घरी जात. मी गाडीने लोणावळ्याला उतरून भुशीपर्यंत चालत जाई आणि परत येई. कित्येक रविवारी तिकीट मागण्यापलीकडे मी कोणाशी बोललो नाही.

सुरुवातीला अंडी लोणावळ्याच्या बाजारातून शिपाई आणायचा. मग डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक बाई दर मंगळवारी यायला लागली. तिचा नवरा चार महिन्यांपासून पुरुषांच्या वॉर्डात होता. त्याला भेटायला येताना ती टोपलीत अंडी आणायची. मी बाजारची अंडी बंद केली आणि तिची घ्यायला लागलो. ती ताजी असत हे खरं. ती उंबऱ्यावर टेकून दहा मिनिटं बोलत असे, हेही खरं.

मी अंडी पेटीत ठेवतो असा तिचा समज होता. तो मी दुरुस्त केला नाही.

“पिल्लं निघाली का, भाऊ?” ती विचारायची.

“नाही, मावशी.”

“मग एक खुडूक कोंबडी बशिव त्यावर. तुजी पेटी खोटी हाय. आन लगीन कर, म्हंजी पेटीसंगं बोलावं लागायचं न्हाई.”

एकोणचाळीस नंबरच्या नळ्या सहा आठवड्यांनी काढल्या. त्यांत एकही जंतू वाढला नव्हता. अगदी कमी मात्रेच्या नळीतही नाही. साध्या नळीत वाढ भरघोस होती. सरांनी चष्मा पुसला, नळ्या पुन्हा पाहिल्या, आणि त्या रविवारी ते पुण्याला गेले नाहीत. गिनीपिगवर प्रयोग करायची परवानगी मागणारं पत्र ते लिहीत बसले.

पुढच्या आठवड्यात चाळीस नंबरचा निकाल आला. तो पदार्थ नीट बनलाच नव्हता, सर तो फेकून देणार होते. त्याही नळ्या स्वच्छ निघाल्या. त्यानंतर एकेचाळीसच्याही.

मी वही मागे चाळली. साध्या नळ्या मी जुन्या साठ्यातल्या वापरल्या होत्या, बाजारच्या अंड्यांच्या. दर वेळी नव्या करायचा कंटाळा, दुसरं कारण नव्हतं. औषधाच्या नळ्या मात्र बाईच्या अंड्यांच्या होत्या. मग बाईच्या अंड्यांच्या नळ्यांत काहीही न मिसळता मी नुसते जंतू सोडले. पाच आठवडे थांबलो. सरांना सांगितलं नाही, बाईला विचारलं नाही. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मंगळवारी ती येत राहिली. पाच आठवड्यांनी नळ्या कोऱ्याच होत्या. जंतू मारणारं काहीतरी अंड्यांतच होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर चढून गेलो. बाई अंगणात बसली होती. दगडावर पांढऱ्या गोळ्या कुटून भाताच्या कोंड्यात मिसळत होती. मी कशासाठी आलो ते तिला कळलं नाही. तिने बसायला घोंगडी टाकली.

सांगताना तिने काही लपवलं नाही. गेल्या साली मानमोडीच्या साथीने तिच्या सगळ्या कोंबड्या मेल्या होत्या. या साली एकही मेली नाही. गोळ्या नवरा द्यायचा. सकाळच्या तो गिळायचा, संध्याकाळच्या कनवटीला लावून ठेवायचा आणि मंगळवारी तिच्या हातात द्यायचा. वाडीत ससा मिळो की मध, घरोघर वाटा जातो. एकट्याने खाणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत.

“येवढं भारी अवशद,” ती म्हणाली, “त्यानं यकल्यानं कसं खावं? पोरास्नी दिलं आस्तं तर डागतर वरडला आस्ता. म्हून कोंबड्यास्नी घातलं.”

अर्ध्या मात्रेने जंतू मरत नाहीत, गोळीला सरावतात. हे मी तिला सांगितलं. तिने कोंड्यातला हात बाहेर काढला. मग म्हणाली, “आन माज्या धन्याचं काय?”

मी म्हणालो, तपासावं लागेल.

मी सरांना सगळं सांगितलं. बाजारच्या अंड्यांवर पुन्हा तपासल्यावर एकोणचाळीस नंबरच्या नळ्यांत जंतू मोकाट वाढले. सरांनी नोंद एका रेघेने खोडली, गिनीपिगांचं पत्र मागे घेतलं आणि बेचाळीस नंबर तापत ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डात जाऊन त्या माणसाला फैलावर घेतलं, पण घरी घालवलं नाही. त्यानंतर गोळी गिळल्यावर नर्स त्याला तोंड उघडून दाखवायला लावी. मी त्याची थुंकी घेतली, साध्या नळीत लावली आणि गोळीचं औषध घातलेल्या नळीतही लावली. दुसरी नळी कोरी राहिली, तर तो गोळीने बरा होणार होता.

ते सहा आठवडे बाई बराकीत आली नाही. मंगळवारी ती खिडकीसमोरून वॉर्डाकडे जाताना दिसे. मी दिवसातून दोनदा तापमान लिहीत होतो.

सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी सकाळी मी नळ्या काढल्या. औषधाच्या नळीत हिरव्यावर पिवळसर, भाकरीच्या चुऱ्यासारखे पुंजके आले होते. साध्या नळीत होते जवळजवळ तेवढेच. सरांच्या एकेचाळीस पदार्थांपैकी एकही साध्या जंतूंवरसुद्धा चालला नव्हता.

दुपारी बाई उंबऱ्यापाशी उभी राहिली. पिल्लांचं विचारलं नाही. पदराची गाठ सोडून तिने उरलेल्या गोळ्या माझ्यापुढे धरल्या.

“ह्या ऱ्हायल्यात. कोंबड्यास्नी दिल्या न्हाईत मग,” ती म्हणाली. “आता खाल्ल्या तर भरून निघंल का?”

मी नाही म्हणालो. पुढे इंजेक्शनं देतील, ती बरेच महिने चालतील आणि बरं वाटेलच असं सांगता येत नाही, तेही सांगितलं. इंजेक्शनाचा वाटा घरी नेता येत नाही, एवढं बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी सांगितलं नाही. तिने गोळ्या मेजावर ठेवल्या, टोपलीतली सहा अंडी त्यांच्याशेजारी ठेवली आणि वॉर्डाकडे गेली. पुन्हा ती बराकीत आली नाही.

त्या सहा अंड्यांच्या नळ्या मी काहीही न मिसळता केल्या. महिन्याभराने पाहिलं. जंतू उत्तम वाढले होते.